बाकी खंय हात लावू नकात

माउथ ऑर्गन बिघडला की आमच्या जिल्ह्यातला माणूस पहिल्यांदा खोबरेल तेलाची बाटली शोधतो. दार करकरलं, तेल. सायकलची चेन अडकली, तेल. कानात दडा बसला, तेल. मग बाज्याचा एखादा सूर घोगरा झाला तर त्यात चार थेंब तेल सोडायला त्याचा हात कशाला मागे राहील? सोडतो. तेलात धूळ बसते, धुळीत थुंकी मुरते, आणि आठवडाभराने तो मुंग्या लागलेला बाजा रुमालात गुंडाळून माझ्या पडवीत येतो. वर मलाच विचारतो, "मेस्त्रीनू, काय झाला कळणा नाय. काल तर बरो वाजा होतो."

काल बरा वाजत होता! आठवडाभरापूर्वीच तू त्याला मारलंस, बाबा.

मी मूळचा पेटीवाला, म्हणजे हार्मोनियम दुरुस्त करणारा. शिरोड्याला बाजारापासून आत माडांच्या बागेत माझं घर, आणि घराची पडवी हाच माझा कारखाना. भजनी मंडळांच्या, दशावतारी कंपन्यांच्या पेट्या पार फोंडाघाटापासून माझ्याकडे यायच्या. गुडघ्यांनी मांडी घालायला साफ नकार दिल्यापासून पेट्या घेणं बंद केलं. आता फक्त माउथ ऑर्गन घेतो, कारण ते टेबलावर मावतात. आमच्याकडे त्याला नुसतं बाजा म्हणतात. पेटीवाल्यांत बाजा दुरुस्त करणं जरा हलकं काम समजतात. मीही तसंच समजायचो. ज्या वाद्यात माणूस जेवण झाल्या झाल्या तोंड घालतो, त्याचं काय कौतुक करायचं?

पण आत पाहिलं तर बाजा म्हणजे पेटीचंच धाकटं भावंड. वर-खाली दोन झाकणं. त्यांच्या आत पितळेचे दोन पत्रे. पत्र्यांच्या मध्ये लाकडाची फणी, तिच्या दातांमुळे एकेका सुराचं घर वेगळं होतं. पत्र्यांवर पितळेच्या बारीक पट्ट्या, एक टोक पक्कं ठोकलेलं आणि दुसरं मोकळं. तुम्ही फुंकलंत की एक पट्टी थरथरते, श्वास आत ओढलात की दुसरी. त्या थरथरण्याचाच सूर होतो. मोकळं टोक खरवडून हलकं केलं की सूर चढतो. त्याच टोकावर काही चिकटलं, मळ असो, गंज असो, तेल असो, की पट्टी जड होते आणि सूर उतरतो. संपलं शास्त्र. बाकी काम हाताचं आणि कानाचं.

आणि निगा? ती तर शेंबड्या पोरालाही जमेल. वाजवण्याआधी चूळ भरा. वाजवून झाल्यावर भोकं खाली करून तळहातावर चार वेळा आपटा, थुंकी बाहेर येऊ दे. वाऱ्यावर सुकवा, मग डबीत ठेवा. समुद्राकाठच्या माणसाने तर डबीचं झाकण घट्ट लावावं, कारण इथल्या खाऱ्या हवेत पितळेला हिरवा गंज चढायला एक पावसाळा पुरतो. एवढंच. पण एवढंच कोण करतो? चूळ भरणं आमच्या माणसाच्या कलेच्या आड येतं. पोटभर जेवला की त्याला वाजवायचा हुरूप येतो, आणि तो थेट मिशीवरची सोलकढी पुसत सुरुवात करतो.

शेवटी कंटाळून मी पडवीच्या खांबाला पाटी लावली. 'घरी उपाय केलेला बाजा घेतला जाणार नाही.' ठळक अक्षरांत, तांबड्या रंगात. तिचा उपयोग एवढाच झाला की लोक ती मोठ्याने वाचून दाखवायला लागले आणि पुढे म्हणायला लागले, "आमी उपाय नाय हां केलो, फक्त वायच तेल घातलंव."

वैभववाडीहून एक निवृत्त कारकून आले होते. गाडी बदलत, घामाने निथळत, पण शर्टाचं वरचं बटणही लावलेलं. कचेरीतली भाषा अजून जिभेवरून उतरली नव्हती. म्हणाले, "सदर वाद्यास मी केवळ वंगण दिलेले आहे."

"कसलं वंगण?"

"घरगुती."

झाकण काढलं. खोबरेल. तेलात मुंग्यांची अख्खी वसाहत. आणि पाचव्या घराच्या तोंडाशी काहीतरी लालसर वाकडं अडकलेलं. चिमट्याने ओढून काढलं आणि कागदावर ठेवलं. सुक्या सुंगटाचा, म्हणजे कोळंबीचा तुकडा! शेपटीसकट. मी कागद त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी चष्मा वर करून तो नीट निरखला, जणू काही त्याची नोंद करायची आहे, आणि गंभीरपणे म्हणाले, "हा आमचा नसावा. आम्ही शाकाहारी आहोत."

"मग वाजवतं कोण?"

यावर त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. शाकाहार सोमवारपुरता असावा. बाजा खोलून पुसून दिला, आणि जाताना बजावलं की तेलाची बाटली डोक्यासाठी ठेवा. आता डोक्यावर त्यांच्या केस नव्हते, पण ते माझ्या उशिरा लक्षात आलं.

तेलवाले तरी परवडले. अज्ञानी माणसाला निदान भीती असते. खरे घातकी ते मोबाइलवर व्हिडिओ बघितलेले. इथलाच एक होमस्टेवाला. पाहुण्यांना संध्याकाळी किनाऱ्यावर बाजा वाजवून दाखवायचा आणि टाळ्या घ्यायचा. त्याने कुठल्याशा व्हिडिओत बघितलं की बाजा स्वच्छ हवा. बरोबरच आहे. त्या व्हिडिओतला बाजा होता प्लॅस्टिकच्या फणीचा, ह्याचा लाकडी. ह्याने तो टोपात पाणी घालून चुलीवर उकळला. उकळला! लाकूड फुगलं, फणीचे दात पत्र्याच्या बाहेर आले, वाजवताना ओठ कापायला लागले. दुसरा माणूस इथे थांबला असता. हा आडाळ्यावर, म्हणजे घरातल्या विळीवर बसला आणि ज्या पात्याने बायको मासे कापते त्या पात्याने त्याने ते दात कातरले. मग सूर गेले म्हणून सगळ्या पट्ट्या उपटून काढल्या आणि चटणीच्या डब्यात घालून माझ्यासमोर आणून ठेवल्या.

"हे काय?"

"बाजो."

"हा बाजा? ही चटणी आहे."

"नाय ओ, पट्टये आसत सगळे. बसवन देवा फक्त."

मी मोजल्या. दहा भोकांच्या बाज्यात वीस पट्ट्या असतात. ह्या एकोणीस.

"एक कुठे गेली?"

"मांजरान खेळाक घेतल्यान," असं म्हणून तो निर्मळ हसला. त्याला वाटलं हे ऐकून मीही हसेन. मी त्याला पाटी वाचून दाखवली, डबा परत दिला आणि सांगितलं की मांजर वाजवायला लागलं तर दोघांना घेऊन ये.

हे असं ऐकल्यावर तुम्हाला वाटेल, माणूस भारीच उर्मट आहे. आहे. चाळीसेक वर्षं लोकांच्या थुंकीत हात घालून मी सूर काढले, मला उर्मटपणाचा हक्क आहे असं मी समजत होतो. गिऱ्हाइकाचं ऐकायचं नसतं, गिऱ्हाइकाचा बाजा ऐकायचा असतो, हे माझं ठाम मत. ते मी चारचौघांत मोठ्याने सांगायचो. आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्या बोस्त्यावच्या बाज्याकडे येतो.

बोस्त्याव आमच्याच बाजूच्या ख्रिस्ती वाड्यातला, म्हणजे वस्तीतला. आयुष्यभर पावाच्या भट्टीसमोर उभा राहिलेला, सत्तरी ओलांडलेला, अंगाने काटकुळा आणि बोलायला त्याहून कमी. एप्रिलच्या शेवटी तो आला तेव्हा बाजा पांढऱ्या स्वच्छ फडक्यात होता. तेलाचा वास नाही, मुंग्या नाहीत. मी मनात म्हटलं, चला, एक तरी माणूस सापडला.

"मेस्त्रीनू," तो म्हणाला, "चवथ्या घरातलो फुंकीचो सूर मेलो. तेवडोच जिवंत करा. बाकी खंय हात लावू नकात."

मी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. कुठे हात लावायचा आणि कुठे नाही, हे मला गिऱ्हाईक सांगणार?

"बाकी सगळं ठीक आहे, हे तुम्ही ठरवलंत?"

"ठीक आसा," तो म्हणाला. मग जरा थांबून, त्याच्या मानाने पुष्कळच बोलला. वाड्याच्या तोंडाशी पांढरा खुरीस आहे, म्हणजे क्रूस. मे महिन्यात एका संध्याकाळी सगळा वाडा तिथे जमतो आणि लदीन म्हणतो. मरियेचं एकेक नाव एकाने गायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक नावाला गाऊन उत्तर द्यायचं, अशी ती प्रार्थना. पुढे गाते बोस्त्यावची थोरली बहीण कातरीन, सूर देतो बोस्त्यावचा बाजा. दोन वर्षं झाली, आल्वीन नावाचा एक तरुण मागे लागलाय की की-बोर्ड आणतो. गोव्याला हॉटेलात वाजवतो तो, चर्चमधली गाणाऱ्यांची टोळी त्यानेच बसवलीय.

"बाजो वाजलो नाय तर ह्या वर्षापासून लदीन की-बोर्डार," बोस्त्याव म्हणाला. "माझा काय, मी घराकडे बसतलंय. पण त्या सुरार कातरीन गाणा गावची नाय. म्हाताऱ्यो बायलो गावच्यो नाय. एकदा गप ऱ्हवल्यो की मगे परत कोण तोंड उघडता?"

मी म्हटलं, "ठेवून जा. वाजेल."

चौथ्या घराचं काम दहा मिनिटांचं होतं. हिरव्या गंजाचा कण पट्टी आणि पत्र्याच्या मध्ये अडकला होता. पातळ पातं फिरवलं, कण काढला, सूर जिवंत. तिथे थांबायला हवं होतं. सांगितलेलं काम झालं होतं. पण माझ्या मोबाइलमध्ये सूर मोजायचा काटा आहे. मोबाइलवाल्यांना मी एवढ्या शिव्या घालतो, पण काटा ठेवलाय, चोरून वापरतो. सहज म्हणून एकेक घर तपासलं. सगळे सूर जागेवर. सहाव्या घरातला ओढीचा सूर, धैवत, तो मात्र चांगलाच उतरलेला. धैवत आणि कोमल धैवत यांच्या मधोमध. काटा लाल.

खालचं झाकण काढलं तर त्या पट्टीच्या टोकावर काळपट पिवळा ठिपका. नखाने खरवडला, वास घेतला. मेण!

तुम्हाला सांगतो, मला आनंदच झाला. पकडला! एवढ्या स्वच्छ फडक्यातला हा गुणी माणूस, आणि घरगुती उपाय ह्यानेही केलाच. तेल नाही तर मेण. मी बायकोला हाक मारून ते दाखवलं. पट्टी जड झाली की सूर पडतो हे साधं कळत नाही ह्या लोकांना, वर मला सांगतात हात लावू नकात, असं बरंच काही बोललो. ती "हो का" म्हणून आत गेली. मी धारदार पातं घेतलं, ठिपका अलगद उडवला, पट्टी स्पिरिटने पुसली. धैवत उसळी मारून जागेवर आला. काटा हिरवा. वीसच्या वीस सूर असे सरळ रेषेत बसले की मी दोन वेळा उगाचच तपासले.

बोस्त्याव न्यायला आला तेव्हा त्याने फक्त चौथ्या घरात फुंकलं. षड्ज वाजला. त्याचे डोळे चमकले.

"सगळा वाजवून बघा," मी म्हटलं.

"नको. लदिनीचो बाजो हो. थयच वाजवतलंय." त्यांच्याकडे तशीच रीत, लदिनीशिवाय तो बाजा कोणी वाजवत नाही. फडक्यात गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "तुमी येवा. ऐकाक."

मेणाचं मी त्याला बोललो नाही. घाण काढली हे काय सांगायचं? तो वाजवेल, वाडा ऐकेल, आणि मग येऊन पाया पडेल, असं माझं गणित. धुवट शर्ट घालून मी लदिनीला गेलो ते खरं तर माझा सूर ऐकायला.

ऊन उतरलं होतं. खुरसाला नवा चुना, अबोलीच्या वळेसरांच्या माळा, पायरीवर मेणबत्त्यांची रांग. तीस-चाळीस माणसं. बाजूच्या घरातून वायर ओढून आल्वीनने की-बोर्ड टेबलावर मांडून ठेवला होता, वर टॉवेल झाकलेला. हा आल्वीन कोणी उद्धट पोरगा असेल, असं मी धरून चाललो होतो. तो उठला आणि मला खुर्ची दिली. त्यामुळे तो मला अजूनच आवडला नाही.

बोस्त्यावने बाजा ओठांना लावला आणि सुरुवातीची ओळ वाजवली. स्वच्छ, बांधीव. मी आजूबाजूला बघितलं, कोणी माझ्याकडे बघतंय का म्हणून. कातरीनबायने पहिलं नाव उचललं. पंच्याहत्तरीची ठेंगणी बाई, पण आवाज असा की मागच्या माडांपर्यंत पोचावा. लोकांनी उत्तर दिलं. प्रत्येक उत्तराचं शेवटचं अक्षर त्या धैवतावर येऊन थांबतं. तिथे बाजा एकीकडे आणि कातरीनबाय त्याच्याखाली. भात खाताना दाताखाली खडा यावा तसं झालं.

आणि मी काय विचार केला? मी विचार केला, बाई उतरली. वय झालं, व्हायचंच.

दुसरं नाव. आता निम्मे लोक बाज्याबरोबर वर गेले, निम्मे कातरीनबायबरोबर खाली राहिले. तिसऱ्याला कोणालाच कळेना कुठे जायचं. मागच्या बाजूला दोन पोरी तोंडावर हात धरून हसल्या. चौथं नाव कातरीनबायने घेतलंच नाही. ती गप्प झाली तशी बायकांची अख्खी रांग गप्प झाली. बोस्त्याव एकटाच दोन सूर पुढे वाजवत गेला, मग तोही थांबला. त्याने बाजा शर्टाला पुसला, भोकांत बघितलं, पुन्हा पुसला. सगळे खुरसाकडे बघत राहिले, त्याच्याकडे कोणी बघेना.

आल्वीन हळूच उठला. "बोस्त्यावअंकल, मी नुसता सूर धरू का?" फार अदबीने विचारलं त्याने. टॉवेल मात्र तोवर बाजूला झाला होता.

मला लाज वाटली असं लिहिलं तर ते खोटं होईल. लाज अजून यायची होती. मला राग आला होता, कातरीनबायचा. एवढा सुरेल बाजा हातात दिला आणि ह्यांना गाता येत नाही!

कातरीनबाय माणसांतून वाट काढत थेट माझ्या खुर्चीपुढे आली.

"मेस्त्रीनू, ह्या बाज्याक तुमी आनी खंय हात लावलास?"

"काही नाही," मी म्हटलं. "सहाव्या घरात मेणाची घाण होती. तेवढी साफ केली. सूर उतरला होता, तो जागेवर आणला. तुम्ही काट्यावर लावून बघा."

"घाण?" ती इतक्या हळू म्हणाली की मला वर बघावं लागलं. "ता मेण माझ्या आवशीन लावलेला. बापूस बोटीर होतो, तेणा थयसून बाजो आणल्यान. पयल्या लदिनीक वाजवल्यान, तर वाड्याचो सूर एकीकडे नि बाज्याचो भलतीकडे. बापूस म्हणालो, लोकांका शिकवया. आवस म्हणाली, वाडो बदलूचो नाय, बाजो बदलतलो. हयच, ह्या पायरेर बसान, डोक्यातली पिन काढून मेण लावल्यान तिणा. आनी तुमी घाण म्हणतास?"

आता आली लाज. बाजा येण्याआधीपासून हा वाडा हे गात होता. त्यांचा धैवत त्यांच्या म्हाताऱ्यांकडून आलेला, कुठल्या कारखान्यातून आलेला नव्हे. कातरीनबायची आई पट्टीच्या टोकावर बरोबर तेवढं मेण लावून तो सूर बाज्यात बसवते, शाळा नाही, काटा नाही, आणि तो इतकी वर्षं टिकतो. त्याला म्हणतात ट्यूनिंग! आणि मी, जिल्ह्यातला एवढा नावाजलेला कारागीर, तो पात्याने उडवून स्पिरिटने पुसला. बोस्त्याव बिचारा सांगत होता, बाकी खंय हात लावू नकात. बाजा ऐकायचा असतो म्हणे! मी तर बाजाही ऐकला नव्हता, काटा बघितला होता.

"द्या इकडे," मी बोस्त्यावला म्हटलं.

चष्म्याचा छोटा पेचकस माझ्या किल्ल्यांना असतो. त्यानेच मी झाकणाचे दोन स्क्रू काढले आणि पायरीवर बसलो. गुडघे ओरडले, ओरडू दे. मेण होतं समोरच, जळतं. लावायला काही हवं होतं. माझ्या जर्मन फायली, चिमटे, पाती सगळी पडवीत. मी इकडेतिकडे बघतोय तोवर कातरीनबायने अंबाड्यातली पिन काढून माझ्यापुढे धरली.

मेणबत्तीच्या ओघळातून टोकभर मेण उचललं, पट्टीवर टेकवलं. ओढून पाहिलं. सवयीने मोबाइल काढला. काटा कुठेतरी मधेच लाल होऊन थरथरत होता. पण आता लाल म्हणजे किती लाल, हे त्याला कुठे माहीत? मोबाइल खिशात घातला.

"तुम्ही गा," मी कातरीनबायला म्हटलं. "शेवटचं अक्षर. धरून ठेवा."

तिने धरलं. मी बाज्यातून श्वास ओढला. जास्त पडला. पिनेने थोडं खरवडलं. अजून पडलेला. पुन्हा खरवडलं. आता चढला. कणभर लावलं. चाळीस माणसं श्वास रोखून उभी, आणि मी, ज्याने तेलवाल्याला सुनावलं, चटणीवाल्याला घालवलं, तो मी मेणबत्तीच्या उजेडात बायकांच्या पिनेने बाज्याला मेण फासत होतो. सहाव्या की सातव्या खेपेला कातरीनबायचा आवाज आणि बाजा वेगळे ऐकू येईनात. तिने डोळे मिटले आणि मानेने हो म्हटलं.

झाकण लावलं, बाजा बोस्त्यावच्या हातात दिला. "माझी चूक झाली," मी म्हटलं. हे वाक्य मी गिऱ्हाइकाला पहिल्यांदाच बोललो असेन. त्याने बाजा ओठांना लावला.

लदीन पहिल्यापासून सुरू झाली. पहिल्या उत्तराला लोक जरा बिचकत होते. शेवटच्या अक्षरावर बाजा आणि बायका एकदमच उतरल्या, एकाच जागी. दुसऱ्या उत्तराला सगळा वाडा गात होता. मघाच्या हसणाऱ्या पोरीसुद्धा. आल्वीनने आवाज अगदी बारीक करून की-बोर्डची एक पट्टी दाबली, मग शेजारची दाबली. तो सूर दोन्ही पट्ट्यांच्या मधे होता. त्याने परत टॉवेल टाकला आणि येऊन पुरुषांच्या रांगेत उभा राहून गायला लागला. चांगला गातो पोरगा. खर्जातला आवाज आहे. खुर्चीसाठी मी त्याला उशिरा का होईना माफ केलं.

शेवटी उकडलेल्या चण्यांचे द्रोण फिरले, खोबरं घातलेले. बोस्त्याव बाजा फडक्यात गुंडाळत होता. मला वाटलं आता बोलावं, म्हणून म्हटलं, "मेणबत्तीचं मेण कच्चं असतं. टिकणार नाही. पुढच्या वर्षी आधी घेऊन या, मी मधाच्या पोळ्याचं मेण आणून नीट बसवून देतो."

"तुमच्याकडे?" कातरीनबाय माझ्यामागेच उभी होती. "तुमच्या पडवीत पाटी आसा मा, तांबड्या अक्षरांची? घरी उपाय केलेलो बाजो घेवचो नाय म्हणान?"

"आहे."

"मगे आमचो बाजो तुमच्याकडे कसो चलात? मेण लावलेलो, तो पण पिनेन. आमी घराकडेच बघतलंव."

सगळे हसले. बोस्त्यावसुद्धा हसला, त्या संध्याकाळी पहिल्यांदाच. मी चणे चावत राहिलो.

"पिन देवा परत," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी लागतली."

मी खिशातून पिन काढली. टोकाला मेणाचा पिवळा कण राहिला होता. कारागिराने हत्यार परत देताना स्वच्छ करून द्यावं, म्हणून मी रुमाल काढला.

"पुसू नकात," ती म्हणाली.

या वेळी मी ऐकलं.